ठाऊक नव्हतं म्हणण्याची सोय

वायव्य येमेनमधल्या देर अल-हजारी या गावावर ८ ऑक्टोबर २०१६ च्या पहाटे विमानातून बॉम्ब पडला. सहा जणांचं एक कुटुंब गेलं. त्यात चार मुलं होती आणि त्यांची आई गरोदर होती. ढिगारा उपसताना बॉम्बच्या तुकड्यांबरोबर एक लोखंडी कडी सापडली. बॉम्ब विमानाखाली टांगायला अशी कडी लागते. तिच्यावरच्या खुणांवरून ती कुठून आली ते कळलं. इटलीतल्या सार्डिनिया बेटावर दोमुसनोवास नावाचं छोटं गाव आहे, त्याच्याजवळ आरडब्ल्यूएम इटालिया या कंपनीचा कारखाना आहे. कडी तिथली होती.

त्याच दिवशी राजधानी सनामध्ये एका अंत्यविधीसाठी जमलेल्या लोकांवर हवाई हल्ला झाला आणि शंभराहून जास्त माणसं मेली. जगभरच्या बातम्यांत तो हल्ला आला. देर अल-हजारीचं नाव फारसं कुणी घेतलं नाही. मला मात्र हे गाव विसरता येत नाही, कारण तिथे सापडलेल्या कडीमुळे एक गोष्ट सिद्ध करता आली. ज्या देशात युद्ध नाही, जिथे संध्याकाळी कामगार भोंगा वाजल्यावर घरी जातात, त्या देशाचा माल या घरावर पडला, हे आता कुणाला नाकारता येणार नव्हतं.

मी गेली अनेक वर्षं शस्त्रनिर्यातीविरुद्धच्या मोहिमांबद्दल वाचते आहे, निवेदनांवर सह्या करते आहे, क्वचित हातात फलक घेऊन उभीही राहिले आहे. सुरुवातीला मला वाटायचं की हा शांतता आणि युद्ध यांच्यातला वाद आहे. वाचत गेले तसं लक्षात आलं की मोहीम चालवणारे बहुतेक लोक त्याहून फार नेमकं काहीतरी मागत असतात. ते सरकारला विचारतात: या परवान्यावर सही करताना तुम्हाला काय ठाऊक होतं? आणि ठाऊक नसेल, तर ते ठाऊक करून घेण्यासाठी तुम्ही काय केलंत?

दुसऱ्या देशातल्या यादवीत हा प्रश्न फार अवघड होतो. दोन देशांचं युद्ध असेल तर सीमा असते, आक्रमण कुणी केलं ते सांगता येतं. यादवीत मान्यताप्राप्त सरकार एका बाजूला असतं आणि शस्त्र विकणारा म्हणतो, आम्ही कायदेशीर सरकारलाच देतोय, त्यांना स्वतःच्या संरक्षणाचा हक्क आहे. येमेनमध्ये हूथी या बंडखोर गटाने सप्टेंबर २०१४ मध्ये सनाचा ताबा घेतला, मार्च २०१५ मध्ये सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालच्या आघाडीने हवाई हल्ले सुरू केले, आणि ते हल्ले येमेनच्या मान्यताप्राप्त सरकारच्या विनंतीवरून आहेत असं सांगितलं गेलं. या युक्तिवादात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. हूथींनी तइझ शहरावर तोफा डागल्या, जमिनीत सुरुंग पेरले, त्यांच्याकडे इराणी शस्त्रं पोहोचली. मोहिमेतल्या लोकांनी हेही तितक्याच ठामपणे बोललं पाहिजे, आणि चांगले लोक बोलतात. पण आपल्या बंदरातून जे जहाज सुटतं त्याचा जाब आपल्याच सरकारला विचारता येतो. इराणने काय पाठवलं याने रोमच्या किंवा लंडनच्या सहीची जबाबदारी कमी होत नाही.

सार्डिनियाच्या त्या कडीचं पुढे काय झालं ते सांगते. येमेनमधली म्वाताना ही मानवाधिकार संघटना, बर्लिनमधलं युरोपीय संविधान आणि मानवाधिकार केंद्र आणि इटलीतलं निःशस्त्रीकरणासाठी काम करणारं जाळं यांनी एप्रिल २०१८ मध्ये रोममध्ये फौजदारी तक्रार दाखल केली. तक्रार कंपनीच्या व्यवस्थापकांविरुद्ध होती, तशीच परवाने देणाऱ्या सरकारी खात्याच्या अधिकाऱ्यांविरुद्धही. इटलीच्या राज्यघटनेचं अकरावं कलम युद्धाला नकार देतं. १९९० चा कायदा क्रमांक १८५ सशस्त्र संघर्षात असलेल्या देशांना शस्त्रं विकायला मनाई करतो. कायदा होता, घटना होती, आणि तरीही हजारो बॉम्ब गेले. या कारखान्याची मालक जर्मनीतली राइनमेटाल ही शस्त्रकंपनी. म्हणजे नफा एका देशात, परवाना दुसऱ्या देशात, वापर तिसऱ्या देशाच्या विमानातून आणि मरणारी माणसं चौथ्या देशात. जबाबदारी अशी वाटली गेली की कुणाच्याच वाट्याला पुरेशी येत नाही.

जुलै २०१९ मध्ये इटलीने सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीला बॉम्ब आणि क्षेपणास्त्रं पाठवणं दीड वर्षासाठी थांबवलं. जानेवारी २०२१ मध्ये ते परवाने कायमचे रद्द केले. नुसते स्थगित नव्हे, रद्द. त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला होता. पण २०२३ मध्ये रोमच्या न्यायालयाने फौजदारी प्रकरण बंद केलं, आणि त्याच वर्षी नव्या सरकारने आधी अमिरातीवरचे आणि मग सौदी अरेबियावरचे निर्बंध उठवले. तक्रारदार युरोपीय मानवाधिकार न्यायालयाकडे गेले. या मोहिमांचं काम असंच चालतं. आज मिळवलेलं उद्याच्या निवडणुकीनंतर पुन्हा मागावं लागतं.

ब्रिटनमधला खटला मला याहून जास्त शिकवून गेला. तिथे शस्त्रव्यापाराविरुद्ध मोहीम चालवणारी एक संघटना १९७४ पासून काम करते, तिचं नावही साधं 'कॅम्पेन अगेन्स्ट आर्म्स ट्रेड' असं आहे. ब्रिटनच्या नियमांत एक अट होती: निर्यात केलेली वस्तू आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याच्या गंभीर उल्लंघनासाठी वापरली जाण्याचा स्पष्ट धोका असेल, तर परवाना द्यायचा नाही. टायफून ही लढाऊ विमानं, नेम धरून टाकायचे पेव्हवे बॉम्ब आणि त्यांचे सुटे भाग सौदीला जातच होते. संघटना कोर्टात गेली. २०१७ मध्ये हाय कोर्टाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. त्यातला काही पुरावा गुप्त होता. तो संघटनेला आणि तिच्या वकिलांना पाहताच आला नाही, त्यांच्या वतीने खास नेमलेल्या वकिलांनी बंद दाराआड युक्तिवाद केला.

मग २० जून २०१९ रोजी अपील कोर्टाचा निकाल आला. कोर्टाने म्हटलं की सरकारची परवाने देण्याची पद्धत बेकायदेशीर होती. कारण? आधीच्या हल्ल्यांत कायद्याचं उल्लंघन झालं होतं की नाही, याचा निष्कर्ष काढण्याचा सरकारने प्रयत्नच केला नव्हता. मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ तिथेच थांबले. एखाद्या ग्राहकाने तुमच्याकडून घेतलेल्या वस्तूने आधी काय केलं ते न पाहता तुम्ही पुढच्या धोक्याचा अंदाज करता, आणि वर्षानुवर्षं करता. न विचारणं हीच पद्धत झाली होती.

निकालानंतर नवे परवाने थांबले. सप्टेंबर २०१९ मध्ये व्यापारमंत्री लिझ ट्रस यांनी, चुकून काही परवाने तरीही दिले गेले, म्हणून कोर्टाची माफी मागितली. जुलै २०२० मध्ये त्यांनीच जाहीर केलं की आता आढावा घेतला आहे. काही घटना उल्लंघनाच्या असू शकतात, पण त्या सुट्या सुट्या आहेत, त्यांत काही सूत्र दिसत नाही. परवाने पुन्हा सुरू. संघटना पुन्हा कोर्टात. जून २०२३ मध्ये ती हरली.

मग काय मिळालं? मला हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे आणि मी तो टाळत नाही. येमेनमधले हल्ले या खटल्याने थांबले नाहीत. एप्रिल २०२२ चा युद्धविराम संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने झाला. पण २०१९ च्या आधी सरकार 'आम्ही तपासलंच नाही' असं म्हणू शकत होतं. २०२० मध्ये त्याला 'आम्ही तपासलं आणि आम्हाला हे चालतं' असं जवळजवळ उघड म्हणावं लागलं. शाळेच्या बसवर बॉम्ब पडतो तेव्हा या फरकाला किंमत किती? ९ ऑगस्ट २०१८ रोजी सादा प्रांतातल्या दह्यानच्या बाजारात सहलीला निघालेल्या मुलांच्या बसवर बॉम्ब पडला, ४० मुलं मेली, आणि तो बॉम्ब अमेरिकी बनावटीचा होता. त्या मुलांच्या आईबापांना कोर्टाच्या परिच्छेदांनी काहीही मिळालं नाही. तरीही मला वाटतं की ठाऊक नसण्याची सोय काढून घेणं हे या मोहिमांचं सगळ्यात कठीण आणि सगळ्यात खरं काम आहे. इतर सगळं, मोर्चे, पत्रकं, संसदेतले प्रश्न, त्यावर उभं राहतं.

आणि हे काम लंडनला सुरू होत नाही. ते ढिगाऱ्यापाशी सुरू होतं. म्वातानाच्या प्रमुख रध्या अल-मुतवक्कल यांनी मे २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे येमेनची स्थिती मांडली. पुढच्या वर्षी त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्याला येमेन सोडताना विमानतळावर अडवून काही काळ डांबून ठेवलं गेलं. त्यांचे संशोधक हल्ल्यानंतर त्या जागी जातात, साक्षीदारांशी बोलतात, तुकड्यांचे फोटो घेतात, त्यांवरचे आकडे टिपतात, आणि हूथींच्या तुरुंगांबद्दलही तितक्याच नेमकेपणाने लिहितात. दोन्ही बाजूंना ते नकोसे आहेत. युरोपातल्या कुठल्याही वकिलाच्या फायलीतलं पहिलं पान यांनी लिहिलेलं असतं. मोहिमेचं श्रेय वाटताना हे लोक शेवटी आठवतात, हे मला खुपतं.

माझा भाचा एका कंपनीत व्हॉल्व्ह डिझाइन करतो. कुठे जातात ते व्हॉल्व्ह, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "मावशी, आम्हाला ड्रॉइंग येतं, आम्ही पार्ट देतो. पुढे तो पाण्याच्या पंपात बसतो की अजून कशात, ते आम्हाला कुणी सांगत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "आणि समज, कळलं. मग काय करू? नोकरी सोडू?" मी हो म्हणाले नाही. त्याच्यावर घर चालतं.

दोमुसनोवासच्या कामगारांपुढे हाच प्रश्न होता. तो सार्डिनियाचा जुना खाणींचा भाग. खाणी बंद पडल्यावर तिथे दुसरं काम फार उरलं नाही. परवाने रद्द झाले तेव्हा नोकऱ्या गेल्या. तिथल्याच काही लोकांनी एक समिती काढली. कारखाना नागरी उत्पादनाकडे वळवा, आमच्या बेटाला दुसरं काम द्या, अशी त्यांची मागणी होती. मला ही समिती या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात धाडसी माणसं वाटतात. दूरच्या शहरात बसून कारखाना बंद करा म्हणणं सोपं आहे. ज्या गावात त्या पगारावर दुकान चालतं त्या गावात ते म्हणणं आणि शेजाऱ्याच्या नजरेला नजर देणं वेगळं. कामगारांच्या पोटाचा विचार न करणारी शस्त्रविरोधी मोहीम मला अर्धवट वाटते, आणि अशा मोहिमा फार टिकतही नाहीत.

मग ज्यांनी काम न सोडता नकार दिला ते कसे देऊ शकले? स्कॉटलंडमधल्या ईस्ट किलब्राइडला रोल्स-रॉइसचा कारखाना होता. ११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीच्या हवाई दलाच्या हॉकर हंटर विमानांनी सांतियागोमधल्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर बॉम्ब टाकले, लष्कराने सत्ता घेतली. पुढच्या वर्षी, मार्च १९७४ मध्ये, त्याच जातीच्या विमानांची इंजिनं दुरुस्तीसाठी या कारखान्यात आली. तपासनीस बॉब फुल्टन यांनी ती कुणाची आहेत ते पाहिलं आणि हात लावायला नकार दिला. त्यांच्या मागे हजारो कामगार आणि त्यांची संघटना उभी राहिली. इंजिनं कारखान्याच्या आवारात उघड्यावर पडून राहिली, ती चार वर्षं. १९७८ मध्ये एका रात्री कुणीतरी ती उचलून नेली. आपल्या नकाराने चिलीत काही फरक पडला का, हे त्या कामगारांना पुढची कित्येक वर्षं कळलंही नाही. २०१५ मध्ये चिली सरकारने फुल्टन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना सन्मान दिला, तेव्हा ते म्हातारे झाले होते.

यात फुल्टन यांची सदसद्विवेकबुद्धी होती, पण नोकरी टिकली ती संघटनेमुळे. एकट्याने नकार दिला असता तर दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर दुसरा माणूस बसला असता. दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनलाही तेच दिसतं. एप्रिल २००८ मध्ये झिम्बाब्वेत निवडणुकीचे निकाल अडवून ठेवले होते आणि विरोधकांना मारहाण सुरू होती, तेव्हा 'आन युए जियांग' हे चिनी जहाज डरबनच्या बंदराबाहेर येऊन थांबलं. त्यात झिम्बाब्वेच्या सैन्यासाठी ७७ टन माल होता: सुमारे ३० लाख काडतुसं, रॉकेट, तोफगोळे. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने तो माल देशातून नेण्याची परवानगी दिली होती. वाहतूक कामगार संघटनेने सांगितलं की आमचे सभासद तो उतरवणार नाहीत आणि ट्रकमधून नेणारही नाहीत. बिशप रुबिन फिलिप आणि त्यांचे सहकारी कोर्टात गेले, १८ एप्रिलला माल हलवायला मनाई मिळाली, आणि आदेश बजावला जाण्याआधीच जहाज नांगर उचलून निघालं. आसपासच्या देशांतल्या संघटनाही सावध झाल्या. अखेर चीनने जहाज परत बोलावत असल्याचं जाहीर केलं.

२० मे २०१९ रोजी इटलीतल्या जेनोआच्या गोदी कामगारांनी 'बहरी यानबू' या सौदी जहाजात लष्करी वापराचे जनरेटर चढवायला नकार दिला. त्याच जहाजाला काही दिवस आधी फ्रान्समधल्या ल हाव्रमधूनही तोफा न घेता जावं लागलं होतं, तिथल्या निदर्शनांमुळे. पण त्याआधीच बेल्जियममधल्या अँटवर्पला त्यात माल भरला गेला होता.

आपण नाही विकलं तर दुसरा कुणीतरी विकेल, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचं उत्तर नीट शोधावंसं वाटलं. काडतुसांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे, काडतुसं कुठेही मिळतात. लढाऊ विमानांच्या बाबतीत ते खोटं आहे. विमान एकदा विकून विषय संपत नाही. सुटे भाग, दुरुस्ती, सॉफ्टवेअर, प्रशिक्षित तंत्रज्ञ, सगळं मूळ कंपनीकडून सतत यावं लागतं. सौदीच्या विमानांवर पूर्वी हे काम केलेल्या एका ब्रिटिश तंत्रज्ञाने २०१९ मध्ये दूरचित्रवाणीवर सांगितलं होतं की आम्ही निघून गेलो तर आठवड्या-दोन आठवड्यांत सौदीचं एकही विमान उडणार नाही. म्हणजे विकणाऱ्याच्या हातात थांबवण्याची सत्ता विक्रीनंतरही राहते. ती न वापरणं हा निर्णय आहे, आणि तो रोज घेतला जातो.

सरकारं बदलतात आणि बंदुका राहतात, ही गोष्ट नेपाळने दाखवली. माओवादी बंड १९९६ मध्ये सुरू झालं होतं. २००२ मध्ये बेल्जियमने नेपाळच्या सैन्यासाठी ५,५०० मिनिमी मशीनगन विकायला मंजुरी दिली. संकटात सापडलेल्या नव्या लोकशाहीला मदत, असं समर्थन होतं. बेल्जियमच्या आरोग्यमंत्री माग्डा आल्वूट यांचा पक्ष पर्यावरणवादी आणि शांततावादी. मंत्रिमंडळाच्या या निर्णयात आपण सहभागी झालो हे त्यांना पेलवलं नाही आणि ऑगस्ट २००२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये राजे ज्ञानेंद्र यांनी निवडून आलेल्या पंतप्रधानांना काढलं. १ फेब्रुवारी २००५ रोजी त्यांनी सगळी सत्ता स्वतःकडे घेतली, तेव्हा भारत आणि ब्रिटन दोघांनीही नेपाळचा शस्त्रपुरवठा थांबवला. तोवर जे गेलं ते गेलं होतं. २००६ मध्ये युद्ध संपलं तेव्हा १३,००० हून जास्त माणसं मेली होती आणि शेकडो बेपत्ता होती. लोकशाहीच्या नावाने दिलेली मशीनगन लोकशाही बरखास्त झाल्यावर परत मागता येत नाही, आणि परवान्याच्या कुठल्याही अर्जात हा रकाना नसतो.

संयुक्त राष्ट्रांनी एप्रिल २०१३ मध्ये शस्त्रव्यापार करार मंजूर केला. इराण, उत्तर कोरिया आणि सीरिया विरोधात होते, भारत तटस्थ राहिला. २४ डिसेंबर २०१४ पासून करार लागू आहे. त्याचं सहावं कलम म्हणतं की परवाना देतेवेळी वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे किंवा नागरिकांवरचे हल्ले यांसाठी ही शस्त्रं वापरली जातील याची माहिती असेल, तर परवाना देता येणार नाही. माहिती असेल तर. पुन्हा तेच येतं. कुणाला किती माहिती होती, हे ठरवायला करारात कुठलंही न्यायालय नाही. म्हणून माहिती गोळा करून ती सही करणाऱ्याच्या टेबलावर, तारखेसकट, पोच घेऊन ठेवणं हे काम नागरिकांकडे येतं. पत्र मिळाल्याचा शिक्का असला की 'आम्हाला कल्पना नव्हती' हे म्हणता येत नाही.

सध्या हे काम सुदानबद्दल चालू आहे. १५ एप्रिल २०२३ पासून तिथलं सैन्य आणि आरएसएफ हे निमलष्करी दल एकमेकांशी लढत आहेत, लाखो माणसं घरं सोडून पळाली आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने सुदानमधल्या चिलखती गाड्यांचे फोटो तपासून दाखवलं की त्या अमिरातीत बनलेल्या आहेत आणि त्यांच्यावर फ्रान्समध्ये तयार झालेली गॅलिक्स ही संरक्षण यंत्रणा बसवलेली आहे. फ्रान्सने ती सुदानला विकलेली नव्हती, अमिरातीला विकली होती. सुदानच्या पश्चिमेकडच्या दार्फुर या भागावर संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी २००४ पासून आहे, पण ती फक्त दार्फुरपुरती. ती सगळ्या सुदानला लागू करा आणि अमिरातीला जाणारा माल पुढे कुठे जातो ते तपासल्याशिवाय नवा परवाना देऊ नका, या दोन मागण्या आहेत. फोटो आता छापलेले आहेत, यंत्रणेचं नाव आणि बनवणाऱ्याचं नाव त्यांत आहे. यापुढे पॅरिसमध्ये त्या ग्राहकासाठी जी सही होईल, ती हे फोटो समोर असताना होईल.